लाजेच्या नावाची नस

तपासणी झालेली असते, रक्तदाब लिहून झालेला असतो, चिठ्ठी खिशात गेलेली असते. पेशंट उठतो, दारापर्यंत जातो आणि कडीवर हात ठेवून मागे वळतो. "डॉक्टर, अजून एक विचारायचं राहिलं. खाली जरा... पहिल्यासारखं जाणवत नाही." वाक्य एवढंच. ते बोलताना त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. बाहेर पाच-सहा जण खोळंबलेले असतात, कंपाउंडर पुढचं नाव पुकारायच्या बेतात असतो. डॉक्टर "होतं असं, टेन्शन घेऊ नका" म्हणतात, फार तर ताठरतेची एक गोळी लिहून देतात. पेशंट गोळी घेतो. ताठरता येते, पण हरवलेलं काही परत येत नाही; कारण त्याची तक्रार ताठरतेची नव्हतीच.

हे प्रकरण त्या एकाच तक्रारीबद्दल आहे. शिश्न, अंडकोश आणि त्यांच्या मागची जागा इथला स्पर्श कमी होणं किंवा पार जाणं, म्हणजे बधिरपणा. इच्छा कमी होणं वेगळं, ताठरता न येणं वेगळं, वीर्यपतन लवकर किंवा उशिरा होणं आणखी वेगळं. या चारही गोष्टी एकाच माणसात एकदम असू शकतात आणि एकेकट्याही असू शकतात. बधिरपणा ही कातडीची आणि कातडीपासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या तारेची गोष्ट आहे.

मराठीत पहिली अडचण शब्दाचीच येते. आपल्या बोलण्यात 'नस' म्हणजे रक्त वाहणारी शीरही आणि संवेदना वाहणारा मज्जातंतूही. "नस कमजोर झाली", "नस ढिली पडली" असं कुणी म्हणालं तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? सिल्डेनाफिलसारखी गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्ताचा ओघ वाढवते. बिघाड मज्जातंतूत असेल तर स्पर्श परत आणायला तिचा उपयोग नाही. शब्द चुकला की गोळी चुकते, आणि त्यात महिने जातात. या प्रकरणात मी 'नस' म्हणेन तेव्हा ती मज्जातंतूच समजावी.

या जागेचा स्पर्श जिच्यामुळे कळतो त्या नसेला वैद्यकात प्युडेंडल म्हणतात. लॅटिनमधल्या लाजणे या क्रियापदावरून हे नाव आलं. हाताच्या, मांडीच्या, चेहऱ्याच्या नसांना त्यांच्या जागेवरून नावं मिळाली, हिला मात्र लाजेवरून. आपले 'गुह्य' आणि 'गुप्तांग' हे शब्दही त्याच वाटेनं आलेले आहेत. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. लघवी आणि संडास रोखून धरणारे जे स्नायू आपल्या ताब्यात असतात, ते हिच्याच हुकमतीखाली चालतात. चारचौघांत बसलेल्या माणसाची अब्रू दिवसभर ही नस सांभाळते.

तिचा रस्ता समजून घेतला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. कण्याच्या खालच्या टोकाला, माकडहाडाच्या वर, त्रिकास्थी नावाचं त्रिकोणी हाड आहे. त्यातल्या भोकांतून मुळांच्या जोड्या बाहेर येतात. दुसरी, तिसरी आणि चौथी मुळं मिळून ही नस होते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. कुल्ल्याच्या खोल भागातून ती ओटीपोटाच्या पोकळीबाहेर पडते, एका टोकदार हाडाला वळसा घालते आणि पुन्हा आत शिरते. मग आपण ज्या दोन हाडांवर बसतो, त्यातल्या आपल्या बाजूच्या हाडाच्या आतल्या अंगानं एका अरुंद बोगद्यातून पुढे सरकते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या बेंजामिन अल्कॉक यांनी या बोगद्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला अल्कॉकचा बोगदा म्हणतात. तिथून तिच्या तीन फांद्या होतात. एक गुदद्वाराकडे जाते, एक अंडकोशाच्या मागच्या बाजूला आणि मधल्या भागाला, आणि तिसरी जांघेच्या हाडाखालून शिश्नाच्या पाठीवरून थेट टोकापर्यंत.

अंडकोशाची पुढची बाजू आणि शिश्नाचं मूळ मात्र हिच्या हद्दीत येत नाही. तिथला स्पर्श कंबरेच्या वरच्या मणक्यांतून जांघेत उतरणाऱ्या नसांकडे आहे. हर्नियाच्या ऑपरेशननंतर काही पुरुषांना जांघेत आणि शिश्नाच्या बुंध्याशी बधिर वाटतं, ते या जांघेच्या नसांमुळे. टोकाचा स्पर्श तेव्हा शाबूत असतो. म्हणून डॉक्टर "नक्की कुठे?" असं विचारतात तेव्हा बोट ठेवून दाखवायला संकोचू नये. बधिर जागेचा नकाशाच निम्मं निदान सांगतो.

ताठरतेची वायरिंग तर पूर्ण वेगळी आहे, आणि हे सर्जनांनाही उशिरा उमगलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढली की पूर्वी जवळजवळ प्रत्येक पुरुषाची ताठरता जायची. ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या आरपार जात असतील, त्या वाचवता येणारच नाहीत, असा समज होता. अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श १९८१ मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथे गेले असताना पीटर डोंकर या निवृत्त युरॉलॉजिस्टांना भेटले. डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात या नसांचा माग काढत होते, कारण प्रौढ शरीरात त्या चरबीत दिसेनाशा होतात. दोघांनी मिळून पाहिलं तर नसा ग्रंथीच्या बाहेरून, कडेकडेनं जात होत्या. १९८२ मध्ये वॉल्श यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्या नसा वाचवून ऑपरेशन केलं. आपल्या विषयापुरती यातली गोष्ट अशी की ताठरतेच्या त्या नसा दुखावलेल्या पुरुषालाही शिश्नाच्या कातडीचा स्पर्श बहुधा नीट कळतो, कारण स्पर्शाची नस त्या ऑपरेशनच्या वाटेत येतच नाही. उलट बाजूनं, बधिरपणा असून ताठरता उत्तम असणारेही असतात.

या जागेचा स्पर्श मुळात असतो तरी कसा? याचं एक विलक्षण उत्तर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमधल्या एका खोलीत मिळालं. हेन्री हेड हे लंडनचे नामांकित मज्जातंतूतज्ज्ञ. नस कापल्यावर संवेदना कशी जाते आणि कशी परतते हे पेशंट नेमकं सांगू शकत नाहीत, म्हणून त्यांनी एप्रिल १९०३ मध्ये स्वतःच्याच डाव्या हाताची कातडीची नस कापून घेतली आणि टोकं पुन्हा शिवून घेतली. पुढची चार वर्षं त्यांचे मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स सुट्टीच्या दिवशी त्यांच्या हातावर टाचण्या, कापूस, गरम-थंड नळ्या लावून नोंदी करत राहिले. तुलनेसाठी हेड यांनी आणखी एक तपासणी करवून घेतली आणि १९०८ मध्ये ती नावानिशी छापली. ते डोळे मिटून उभे राहत. रिव्हर्स वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याचे ग्लास एकेक करून खालून वर आणत, शिश्नाचं टोक तेवढं पाण्यात बुडेपर्यंत. पाणी फार गरम किंवा फार थंड नसेल तर हेड यांना आपण पाण्याला लागलो आहोत हेच कळत नसे.

म्हणजे निरोगी पुरुषाचं शिश्नमुंड हलक्या स्पर्शाच्या बाबतीत बोटाच्या टोकाच्या जवळपासही नाही. तिथे मोकळ्या मज्जातंतूंची टोकं फार, आणि ती वेदना, उष्णता, दाब असल्या ठोकळ संवेदनांत तरबेज. जोडीला क्राउजे यांच्या नावानं ओळखले जाणारे बारीक गोळे असतात. ते कशासाठी, हा प्रश्न दीडशे वर्षं लोंबकळत होता. २०२४ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात ते कंपनं टिपणारे असल्याचं दिसलं. हेड यांनी आपल्या प्रयोगांवरून जो सिद्धान्त मांडला तो पुढे टिकला नाही, पण त्या ग्लासांची नोंद मला फार मोलाची वाटते. बोटानं स्पर्श करून "इथे कमी जाणवतंय का, काल जास्त जाणवत होतं का" असं रोज तपासत बसणारा तरुण मुळातच अशा जागेची परीक्षा घेत असतो, जिथे हलका स्पर्श नीट कळत नाही. आणि प्रत्येक परीक्षेगणिक त्याची धास्ती वाढत जाते.

आता कारणांकडे. सगळ्यात समजायला सोपं कारण सायकलचं आहे.

गुदद्वार आणि अंडकोश यांच्यामध्ये जी जागा आहे, सिद्धासनात जिथे टाच लागते, तिला योगाच्या पुस्तकांत सीवनी किंवा शिवण म्हणतात. साध्या खुर्चीवर बसताना वजन दोन हाडांवर पडतं आणि शिवण मोकळी राहते. सायकलची सीट पुढे निमुळती होत जाते. हँडल खाली असेल आणि माणूस पुढे वाकला असेल, तर वजन हाडांवरून सरकून नेमकं शिवणीवर येतं. तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये तीच नस आणि शिश्नाला रक्त नेणारी धमनी चेपली जाते. आधी मुंग्या येतात, मग सुन्न होतं. उतरून चार पावलं चाललं की बरं वाटतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

नॉर्वेत ट्रॉन्हाइम ते ऑस्लो अशी ५४० किलोमीटरची हौशी सायकलस्वारांची शर्यत असते. तिच्यात भाग घेतलेल्या १६० पुरुषांची माहिती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ३३ जणांना शिश्नात बधिरपणा आला होता आणि १० जणांचा तो आठवड्याहून जास्त टिकला. २१ जणांची ताठरता बिघडली होती, तिघांची तर महिन्याहून जास्त काळ. जर्मनीतल्या एका चाचणीत शिश्नाच्या कातडीतला प्राणवायू मोजला गेला. अरुंद आणि जाड गादीच्या सीटवर तो ८२ टक्क्यांनी घसरला, पुढचं टोक नसलेल्या रुंद सीटवर सुमारे २० टक्क्यांनी. जाड गादी म्हणजे सुरक्षित, हा समज इथे उलटा पडतो. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन शिवणीला दाबतो.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिनटोकाची सीट वापरायला दिली. २००८ मध्ये निकाल आले. मागच्या सहा महिन्यांत सायकलवर बधिरपणा आलाच नाही असं सांगणारे आधी २७ टक्के होते, नंतर ८२ टक्के झाले. त्यातल्या बहुतेकांनी ती सीट पुढेही सोडली नाही. सीट बदलणं एवढाच इलाज, आणि तो लागू पडला.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पुढे दुचाकी आल्या, सायकली मागे पडल्या. आता गेली काही वर्षं पुण्या-नाशकात, मुंबईत, नागपुरात दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या राइड करणारे वाढलेत. आषाढीच्या आधी सायकलवरून पंढरपूर गाठणारेही आहेत. यांतले बरेच पस्तिशी-चाळिशीत अचानक सायकलकडे वळलेले, महागडी सायकल घेतलेले. त्यांना मी कळकळीनं सांगेन की गुडघ्यांची आणि पाठीची जेवढी चर्चा ग्रुपमध्ये होते, तेवढी याचीही होऊ द्या. सीटचं टोक वर झुकलेलं नसावं, सपाट किंवा किंचित खाली असावं. सीटची रुंदी आपल्या बसण्याच्या हाडांना बेतशीर हवी. हँडल फार खाली नको. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून शिवण मोकळी करावी. आणि मुंग्या आल्या की थांबावं, "अजून वीस किलोमीटर" म्हणत रेटू नये. एकदा-दोनदा आलेला बधिरपणा नस विसरून जाते. दर रविवारी तोच दाब देत राहिलं तर तिचं आवरण झिजायला लागतं.

असाच दाब ऑपरेशनच्या टेबलावरही पडू शकतो. मांडीचं हाड मोडल्यावर ते जुळवताना पाय ओढून धरतात आणि दोन मांड्यांमध्ये एक खांब असतो. ताण फार वेळ राहिला तर शुद्धीवर आल्यावर शिश्न आणि अंडकोश बधिर लागतात. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा दोन-तीन महिन्यांत भरून येतं. पण पेशंट फ्रॅक्चरच्या दुःखात असतो आणि हे कुणाला बोलतच नाही.

पुढचा भाग सावकाश वाचावा, कारण यात तासांचा हिशेब आहे.

मोठ्या माणसात पाठीचा कणा जेवढा लांब असतो, तेवढा आतला मज्जारज्जू लांब नसतो. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो. तिथून खाली फक्त मुळांचा जुडगा लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. वैद्यकात त्याला घोड्याची शेपटी अशाच अर्थाचं लॅटिन नाव आहे, कॉडा इक्वायना. पायांना जाणारी मुळं त्यात असतात आणि अगदी मधोमध आपल्या लाजेच्या नसेची मुळं. कंबरेत मणक्याची गादी सरकते म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ती एका बाजूला सरकते आणि एका पायात कळ जाते. तो सायटिका. त्रासदायक असला तरी तो बहुधा विश्रांतीनं, व्यायामानं आटोक्यात येतो. क्वचित गादीचा मोठा तुकडा सरळ मागे, मधोमध फुटून येतो आणि सगळी शेपटीच चिरडतो.

अशा वेळी बधिर होणारी जागा ठरलेली असते. घोड्यावर बसल्यावर खोगिराला शरीराचा जेवढा भाग टेकेल तेवढा, म्हणजे मांड्यांचा आतला वरचा भाग, शिवण, अंडकोश, शिश्न आणि गुदद्वाराभोवतीचा भाग. माणसाला हे बऱ्याचदा संडासात लक्षात येतं. धुताना पाणी लागतंय, हात लागतोय हे कळत नाही. लघवीला उभं राहिलं तर धार सुरू व्हायला वेळ लागतो, जोर द्यावा लागतो. मग लघवी तुंबते आणि तुंबल्याचं दुखणंही जाणवत नाही. कधी दोन्ही पायांत कळा येतात, कधी पाऊल लोळागोळा होतं. आणि एक फसवी गोष्ट घडते. कंबरेची कळ एकाएकी कमी होते, माणसाला बरं वाटतं, घरचे देवाचे आभार मानतात. कळ कमी झालेली असते, कारण ती सांगणारी मुळंच गप्प व्हायला लागलेली असतात.

कंबरदुखी असलेल्या माणसाला खोगिराच्या जागी बधिरपणा आला आणि लघवीत काही बदल झाला, तर उद्याची अपॉइंटमेंट घ्यायची नाही. त्याच रात्री एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन होऊ शकेल अशा दवाखान्यात जायचं. दाब जितक्या लवकर निघेल तितकी नसा परतण्याची आशा जास्त असते, आणि डॉक्टर एक-दोन दिवसांच्या मुदतीच्या भाषेत बोलतात. लघवी पूर्ण तुंबण्याआधी पोचलेला माणूस आणि नंतर पोचलेला माणूस यांच्या पुढच्या आयुष्यात फार फरक पडतो. नंतर पोचलेल्याला वर्षानुवर्षं नळी घालून लघवी काढावी लागू शकते, आधी पोचलेल्याला बहुधा नाही. हाडवैद्याकडून कंबर मोडून घेणं, पाठीवर कुणाला पाय द्यायला सांगणं हे अशा वेळी करूच नये.

हळूहळू येणाऱ्या बधिरपणात मधुमेह पहिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. साखरेनं नसा बिघडतात त्या आधी सर्वांत लांबच्या, म्हणजे तळपायांच्या. चप्पल पायातून निसटल्याचं कळत नाही, रात्री तळव्यांची आग होते, आणि त्याच्या मागोमाग शिश्नाचा स्पर्शही मंदावतो. म्हणून अशा पेशंटचे मोजे डॉक्टरांनी काढायलाच हवेत. बी-१२ची कमतरता दुसरी. दूध-दुभतंही जेमतेम खाणारे शाकाहारी, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात ती सर्रास सापडते, आणि इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली तर सुधारते. रोजची दारू नसांना थेटही जाळते आणि आहार बिघडवूनही. त्रिकास्थीच्या नसांवर नागीण उठली तर फोडांबरोबर बधिरपणा आणि लघवीचा त्रास होऊ शकतो.

औषधांबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. नैराश्य आणि चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटिन या गटातल्या गोळ्यांनी काही जणांचा तिथला स्पर्श बोथट होतो. बहुतेकांचा गोळी बंद झाल्यावर परततो. काहींचा नंतरही राहतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१९ मध्ये या शक्यतेची सूचना गोळ्यांच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. पेशंटला हे आधी सांगितलं जायला हवं असं माझं ठाम मत आहे. न सांगता दिलेल्या गोळीनं असं झालं की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. पण हे वाचून कुणी आपली गोळी आज रात्री बंद करू नये. ती एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता येते आणि नैराश्य उलटू शकतं. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याशीच बोलावं, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे वीर्यपतन लांबवायचे म्हणून विकले जाणारे स्प्रे. त्यांत बहुधा लिडोकेन असतं, दातांच्या डॉक्टरकडे सुईतून देतात तेच बधिर करणारं औषध. ते वापरून बधिर वाटलं तर औषधानं आपलं काम केलं एवढंच.

आणि हस्तमैथुन? बधिरपणा घेऊन येणाऱ्या तरुणांच्या मनात खरा प्रश्न हाच असतो. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुतारीत रंगवलेल्या जाहिराती त्याला सांगत आलेल्या असतात की "लहानपणीच्या चुकांमुळे" त्याची नस गेली. हस्तमैथुनानं मज्जातंतू मरत नाही. फार घट्ट मुठीची, फार जोराची सवय लागली असेल तर हलक्या स्पर्शानं समाधान होईनासं होतं. काही आठवडे सवय मोडली की ते सुधारतं. तेलं, लेप, भस्मं यांनी मात्र खरी इजा होते. झणझणीत तेलानं कातडी पोळलेले तरुण त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात.

या भीतीला आपल्याकडे शास्त्रीय उत्तर देणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत चालवलं. वाचकांनी पत्रातून विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना ते आडपडदा न ठेवता उत्तरं छापत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक थांबलं नाही. पुढे १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग या मानसोपचारतज्ज्ञांनी वीर्यनाशाच्या भीतीतून येणाऱ्या दुखण्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. कर्व्यांना पत्र लिहिणारा वाचक आणि आज मध्यरात्री मोबाइलवर शोधत बसणारा मुलगा यांचा प्रश्न एकच आहे.

तपासणीत काय होतं हे माहीत असलं की निम्मा संकोच जातो. डॉक्टर कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात. आधी मांडीवर कापसाचा बोळा आणि बोथट टाचणी लावतात, म्हणजे नेहमीचा स्पर्श कसा ते तुम्हाला कळावं. मग डोळे मिटायला सांगून तीच टाचणी कुल्ल्यावर, गुदद्वाराच्या भोवती, शिवणीवर, अंडकोशाच्या मागे-पुढे, शिश्नाच्या बाजूंनी टोकापर्यंत लावत जातात आणि "टोचलं की नुसतं लागलं?" एवढं विचारतात. हातमोजा घालून गुदद्वाराच्या स्नायूची पकड पाहतात. शिश्नाचं टोक हलकेच दाबलं की निरोगी माणसात गुदद्वार आपोआप आवळतं. हे झालं म्हणजे त्या मुळांचा फेरा पूर्ण आहे. लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीनं मोजतात. गरजेनुसार साखर, बी-१२, कंबरेचा एमआरआय. डॉक्टरांच्या खोलीतली तपासणी पाव तासाची आणि तीत दुखण्यासारखं काही नाही.

इथे एक बारकावा. प्युडेंडल नस बोगद्यात अडकली असं निदान आजकाल लोक स्वतःच करून येतात. पण या अडकण्याची मुख्य खूण दुखणं आहे. बसलं की वाढणारं, कमोडवर बसल्यावर कमी होणारं, रात्री झोपेतून न उठवणारं दुखणं. फ्रान्समधल्या नॉन्त इथल्या तज्ज्ञांनी २००८ मध्ये मांडलेल्या कसोट्यांत स्पष्ट म्हटलं आहे की टाचणीच्या तपासणीत खरोखर बधिर जागा सापडली, तर शोध वर घ्यावा, कण्यातल्या मुळांकडे.

नस परत येते का? सायकलच्या ब्रेकची वायर डोळ्यांपुढे आणा, आत तार आणि बाहेर कव्हर. इंग्लंडचे सर्जन हर्बर्ट सेडन यांनी दुसऱ्या महायुद्धात नसा तुटलेले असंख्य सैनिक पाहून १९४३ मध्ये तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत तार शाबूत, फक्त चेपलेली; ती काही आठवड्यांत जागी होते. सायकलवाल्यांचा बधिरपणा बहुतांशी याच पायरीचा. दुसरीत आतली तार तुटते, कव्हर टिकतं. मग तार कव्हरच्या आतून नव्यानं वाढते, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. वीस सेंटिमीटर वाट असेल तर सहा-सात महिने. या काळात मुंग्या, चमका, कपड्याचं घासणं नकोसं होणं असं काहीबाही जाणवतं. ते बिघडल्याचं लक्षण समजून घाबरू नये. बहुधा वाढणारी तार बोलायला लागलेली असते. तिसरीत तार आणि कव्हर दोन्ही तुटतात आणि तिथे सर्जनशिवाय इलाज नाही.

सर्जन काय करू शकतो याचं एक उदाहरण हॉलंडमध्ये घडलं. जन्मतः कणा उघडा राहिल्यामुळे किंवा कण्याला इजा झाल्यामुळे ज्यांना शिश्नात कधीच किंवा आता काहीच जाणवत नव्हतं, पण जांघेत स्पर्श होता, अशा तरुणांवर मॅक्स ओव्हरगूर आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन केलं. जांघेची जिवंत नस सोडवून ती शिश्नाच्या मुक्या नसेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडली. २०१३ मध्ये त्यांनी ३० जणांचे निकाल मांडले. २४ जणांना एका बाजूनं शिश्नमुंडाचा स्पर्श आला. सुरुवातीला शिश्नाला हात लावला की त्यांना जांघेला लावल्यासारखं वाटायचं. महिने गेले तसा मेंदूनं पत्ता बदलून घेतला, आणि जिथे हात तिथेच स्पर्श कळायला लागला.

हे सगळं दाराच्या कडीवर हात ठेवून सांगता येणार नाही. खुर्चीत बसल्या बसल्या, पहिल्याच मिनिटाला सांगा, आणि शब्द सापडत नसतील तर हे घ्या, आपल्या बाबतीत खरं असेल तेवढं बदलून: "डॉक्टर, माझ्या शिश्नाच्या टोकाला आणि अंडकोशाच्या मागे पंधरा दिवसांपासून बधिर आहे. ताठरता येते. लघवी आणि संडास नेहमीसारखी होते. कंबर दुखत नाही. मी या गोळ्या घेतो. मला तपासून बघा."